तीन थरांतला एक खरा

दारव्हा
सोमवार, १० मार्च २०२५
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

मामा, नमस्कार.

आत्ता मी कृषी केंद्राच्या काउंटरमागे बसून मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्या वेगळ्या काढत होतो. त्या कंपनीला परत करायच्या आहेत. गिऱ्हाईक कोणी नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतले. मी ऋतिक, तुमच्या भागीरथाताईचा मुलगा. सहा वर्षांत माझा आवाज आणि अक्षर दोन्ही बदलले असेल, म्हणून ओळख लिहिली.

फोन केला असता, पण आमच्या घरचे नंबर तुम्ही बंद करून ठेवले आहेत. बेकरीच्या नंबरवर लावून पाहिले. तुमचा कारागीर "शेठ बाहेर गेले" म्हणतो, आणि तसे सांग म्हणून तुम्ही त्याला मागून सांगताना ऐकू येता. रागाने लिहीत नाही, घडले ते लिहिले. पत्रात मला बरे पडते. बोलताना माझे शब्द मागेपुढे होतात. हे पत्र जीपवाल्या धावजीकडे देत आहे. तो रोज दारव्हा ते यवतमाळ सीटा मारतो आणि त्याला तुमची बेकरी माहीत आहे.

काम असे आहे. प्रेरणाचे लग्न ठरले. मुलगा कळंबचा, नाव अभिषेक, चांगला आहे. लग्न २० एप्रिलला, रविवारी संध्याकाळी, इथल्याच लॉनवर. प्रेरणाने कपडे, दागिने, कशाचाच हट्ट केला नाही. एकच मागणे आहे, स्टेजवर कापायला केक. अभिषेकच्या मित्रांच्या लग्नांत असतो म्हणे. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरा, तीन मजली, कडेने गुलाबी फुले. बाबा म्हणाले, "वाढदिवस हाय का लग्न हाय?" पण मग म्हणाले, कर बापा काय करायचे ते.

केकसाठी मी पाच हजार रुपये वेगळे काढले आहेत. त्यात केकशिवाय सुरी, टेबल, बर्फ हेही आले. पाहुणे सहाशे धरले. माणशी पन्नास ग्रॅम धरला तर तीस किलो केक लागेल. बुंदीसाठी आचारी ऐंशी ग्रॅम धरतो, पण केक बुंदीपेक्षा हलका असेल असे समजून कमी धरला. तीस किलोचा भाव कळवावा. पाच हजारांत बसत नसेल तर किती किलो बसेल तेही कळवावे. दारव्ह्यात दोन दुकाने आहेत, पण तीन मजली त्यांना जमत नाही. तुमच्याकडे म्हणूनच विचारत आहे, दुसरे काही नाही.

घरी सर्व कुशल. आईने नमस्कार सांगितला आहे.

ऋतिक


शनिवार, १५ मार्च २०२५

मामा, नमस्कार.

तुमचे उत्तर मिळाले. बेकरीच्या बिलाच्या मागच्या बाजूला पाच ओळी आहेत, त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. "केक पंगतीत वाढत नाहीत. स्टेजवरच्यांना चार किलो पुरे. तीन मजले दिसायला हवेत तर एक थर खरा, दोन खोटे. चार किलोचे ३,२००, खोट्या थरांचे ६००. तुझ्या आईचा नमस्कार पोहोचला नाही असे समजतो."

शेवटच्या ओळीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तीस किलोचे वाचून तुम्ही हसलात असे धावजी म्हणाला. बेकरीतल्या सगळ्यांना वाचून दाखवले म्हणे. हसलात ते बरे झाले. मला खरेच वाटले होते की पानावर एकेक तुकडा वाढावा लागेल. आपल्याकडे पाहुण्याला वस्तू दाखवायची आणि द्यायची नाही, असे कुठे होते? प्रेरणाला विचारले. ती म्हणाली, "अरे, लोकं फोटो काढतेत अन् जेवायले जातेत. बुंदी हाय ना."

खोट्या थराचे मात्र मला समजत नव्हते. धावजीने समजावले. थर्माकोलचा गोल ठोकळा असतो, त्याच्यावर खऱ्या केकसारखेच क्रीम लावतात, लांबून फरक कळत नाही. मी विचारले, पण मग ही फसवणूक नाही का? तो म्हणाला, "लग्नात कोण खरं असते बे? नवरीचे केस खोटे, नवरदेवाची तलवार खोटी, अन् तुले केकची पडली." सीटवरच्या बाया हसल्या. मी तरी प्रेरणाला सगळे स्पष्ट सांगितले. तिला चालते. मग मलाही चालते.

आता माझ्या शंका. एक, अभिषेकच्या आजी माळकरी आहेत. केकमध्ये अंडे अजिबात नको. त्याचा भाव वेगळा पडतो का? दुसरे, खरा थर कोणता असेल? माझ्या मते सर्वांत वरचा खरा ठेवावा, म्हणजे प्रेरणाला नेमके सांगून ठेवता येईल. स्टेजवर चुकीच्या जागी सुरी लावली तर हसे होईल. हे आधीच ठरलेले बरे.

तिसरे, ऊन. एप्रिलच्या विसाव्या तारखेला इथे संध्याकाळीही गरम वारा असतो. क्रीम टिकेल का?

ऋतिक


गुरुवार, २७ मार्च २०२५

मामा, नमस्कार.

उत्तर द्यायला उशीर झाला. दुकानात मार्चअखेरची कामे आहेत, आणि घरी तुमच्या चिठ्ठीमुळे जे झाले त्यानंतर लिहायला बसण्याचे त्राण नव्हते.

तुम्ही लिहिले, "अंड्याशिवाय करून देईन. वरचा थर खरा. क्रीमची काळजी माझी. पैसे नको. मामाचा आहेर समज."

चिठ्ठी वाचून मला फार बरे वाटले होते. मग लक्षात आले की पाच हजारांतले जवळजवळ चार हजार वाचणार, आणि ते का वाचले हे घरी सांगावे लागणार. लग्नाचा हिशेब आईकडे असतो. रोज संध्याकाळी ती मला समोर बसवून विचारते, मंडपाचे किती दिले, घोड्याचे किती राहिले. म्हणून सांगून टाकले. तोपर्यंत तिला मी तुम्हाला लिहितो हेच माहीत नव्हते. पहिल्या पत्रात तिचा नमस्कार मी माझ्या मनाने लिहिला होता. तुम्हाला तो पोहोचला नाही, हे बरोबरच होते.

ती काय म्हणाली ते लिहू की नको, असा विचार करत होतो. पण अर्धे लिहिले तर तुम्ही उरलेले मनाने भराल, आणि ते जास्त वाईट असेल. ती म्हणाली, "फुकटचा केक या घरात येणार नाई. उद्या तो चार लोकांत म्हणीन, बहिणीचा वाटा मी केकात फेडला. पैसे देऊनच आन. पुरे पैसे देजो, एक रुपया कमी नको करू."

बाबा मध्ये पडले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या बहीणभावाच्या मधात मी नाई," आणि बाहेर जाऊन बसले.

सहा वर्षांपूर्वी काय झाले ते मला जेवढे माहीत आहे तेवढे लिहितो. बाभुळगावजवळचे चार एकर आजोबांनंतर तुमच्या आणि आईच्या नावावर लागले. बेकरीच्या जागेसाठी तुम्हाला दोन एकर विकायचे होते. तुम्ही हक्कसोडीचा कागद करून आणला. आईने सही केली नाही. तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून निघून गेलात. बेकरी तुम्ही नंतर बँकेचे कर्ज काढून केली. मी तेव्हा दहावीला होतो आणि मधल्या खोलीत होतो. यात कोण चुकले हे ठरवायला मी लहान आहे, आणि आता तेवढी ताकदही नाही.

माझी विनंती एवढीच, पैसे घ्यावेत. गिऱ्हाईकाने दुकानदाराला पैसे घ्या म्हणून हात जोडावेत, असे मी आमच्या दुकानात कधी पाहिले नाही.

ऋतिक


शनिवार, ५ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

नवीन बिल मिळाले. "केक ३,८००. अंड्याशिवाय जादा ४००. पोहोच ७००. एकूण ४,९००. अर्धे आगाऊ. उधारी बंद." खाली बेकरीचा शिक्का आणि सही.

मी ते आईला दाखवले. मला वाटले, आता तरी ती शांत होईल, कारण पूर्ण पैसे द्या असे तिनेच सांगितले होते. तिने बिल हातात घेतले, चष्मा लावला, आणि पोहोच या शब्दापाशी थांबली. "पाह्य," म्हणाली, "भाचीच्या लग्नाले त्यानं भाडं लावलं." मग ती उठून आत गेली आणि तूर निवडत बसली. तूर आधीच निवडलेली होती.

मामा, मी थकलो आहे. खरे सांगतो. फुकट म्हटले तरी अपमान, पूर्ण भाव लावला तरी अपमान. तुम्ही दोघे भाव लावता आणि जीपची वाट पाहत मी बसतो. धावजी परवा म्हणाला, "दोघं बहीणभाऊ धडधाकट हायेत, दोघांजवळ फोन हाय, अन् मी कागदं वाहून राह्यलो. मी काय पोस्टमन हाय का बे?" मी त्याला दर खेपेला वीस रुपये देतो. तो घेतो, पण घेताना तोंड वाकडे करतो.

मग मी काल दुकानात बसून दोन्हीच्या मधला मार्ग शोधला. आमच्याकडे शेतकऱ्याने स्वतःचे बियाणे आणले आणि बीजप्रक्रिया आम्ही करून दिली, तर आम्ही फक्त औषधाचे पैसे घेतो. मेहनतीचे धरत नाही. कोणी त्याला दान म्हणत नाही आणि कोणी त्याला धंदाही म्हणत नाही. तसे करावे. तुम्ही सामानाचे पैसे घ्या, मेहनत तुमच्याकडून प्रेरणाला आहेर. आईला मी हे सांगितले तेव्हा तिने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ती म्हणाली, "सामानाचं खरं लिहिजो म्हणा. वाढवू नको अन् कमीबी करू नको." आमच्या घरात याला हो म्हणतात.

तेव्हा सामानाची यादी करून पाठवावी.

सोबत पत्रिका आहे. मुलीच्या मामांमध्ये तुमचे नाव पहिले छापले आहे. प्रेरणाने छापायला लावले. प्रूफ आईने वाचले होते. तिने सहा नावे दुरुस्त केली, माझेही एक चुकले होते. तुमच्या नावावर तिचे बोट आले, जरा थांबले आणि पुढच्या ओळीवर गेले. खोडले नाही. हे मी समोर बसून पाहिले आहे.

ऋतिक


सोमवार, १४ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

आज जयंतीची सुट्टी आहे, दुकान बंद. चौकात मिरवणुकीची तयारी चालू आहे, म्हणून धावजीची जीप आज निघणार नाही. हे पत्र उद्याच्या पहिल्या खेपेला मिळेल. त्यासोबत १,३०० रुपये आगाऊ आहेत, पाचशेच्या दोन आणि शंभराच्या तीन नोटा. मोजून घ्यावे.

यादी मिळाली. पीठ, साखर ७००. क्रीम ९००. थर्माकोल व पुठ्ठा ३५०. गॅस २५०. डिझेल ४००. एकूण २,६००. आईने बेरीज करून पाहिली. बरोबर आहे. तिने क्रीमचा भाव इथल्या दुकानातही विचारून आणायला लावला. तोही बरोबर निघाला. मग ती म्हणाली, "लहानपणी बेरजेले रडे. आता बरा करते."

खाली तुम्ही लिहिले आहे, "केक कारागीर आणून ठेवेल. माझी वाट पाहू नये."

प्रेरणाने ते वाचले. नंतर मला म्हणाली, "मंग मांडवात मले कोण आणणार रे?" आईने सावंगीच्या चुलतमामांना सांगून ठेवले आहे. ते येतील, अंतरपाटाजवळ तिच्या मागे उभे राहतील, रीत होऊन जाईल. ते चांगले आहेत. पण प्रेरणा तुमच्या खांद्यावर बसून पोळा पाहायला जायची, हे त्यांना माहीत नाही.

मामा, यादीत डिझेल ४०० आहे. कारागीर धावजीच्या जीपने आला तर डिझेल लागत नाही. डिझेल तुमच्या गाडीला लागते आणि ती गाडी तुम्ही दुसऱ्या कोणाला चालवू देत नाही, असे धावजी म्हणतो. मी काही विचारत नाही. आईनेही ती ओळ वाचली आणि तिनेही काही विचारले नाही.

अजून एक गोष्ट. ती लिहावी की नाही, याचा मी सकाळपासून विचार करत आहे. काल संध्याकाळी आई आणि मी अक्षता रंगवत होतो. मी म्हटले, आई, तेव्हा सही काहून नाही केली? शेत तर तुला नकोच होते. ती बराच वेळ तांदूळ चोळत राहिली. मग म्हणाली, "त्यानं विचारलंच नाई रे. कागद घेऊनच आला. मोठी बहीण हाओ मी, मायबाप गेल्यावर त्याले मी जेवू घातलं. ताई, असं असं हाय, मले पैसे लागते, एवढं बोलला असता तं मी पेन त्याच्या खिशातून काढून सही केली असती. तो आला अन् म्हणे, इथं अंगठा चालते का सही करतं?"

मला वाटते, तुम्ही ते मुद्दाम म्हटले नसेल. त्या दिवशी तुम्ही घाईत असाल. पण तिला शाळेत चौथीतून काढले होते, तुम्हाला शिकवायला, हे तुम्हालाही माहीत आहे.

मी हे तुम्हाला कळवले, हे तिला सांगू नये.

ऋतिक


मंगळवार, २२ एप्रिल २०२५

मामा, नमस्कार.

लग्न झाले. मांडव निघाला. सकाळपासून मी भाड्याच्या वस्तू मोजून परत करत आहे. दोन खुर्च्या कमी भरल्या, त्या शेजारच्या घरी सापडल्या. अंग दुखते आहे, पण हे पत्र लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, कारण तुम्ही लवकर निघून गेलात आणि पुढचे तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी लॉनच्या मागच्या फाटकापाशी बर्फाची वाट पाहत होतो. तुमची गाडी ओळखली नाही, तुम्हाला ओळखले. केस पांढरे झाले आहेत. तुम्ही म्हणालात, "पोट्टा सुट्टीवर गेला, म्हणून मी आलो. टेबल कुठं हाय?" मी टेबल दाखवले. पाया पडायला वाकलो तर तुम्ही म्हणालात, "हात क्रीमचे हायेत, राहू दे." हात तेव्हा कोरडे होते.

तुम्ही कोणाशी बोलला नाहीत. कूलरपाशी पाठ करून थर बसवत राहिलात. भटजींनी मुलीच्या मामाला हाक दिली, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही ओला कपडा पिळत होता. सावंगीचे मामा प्रेरणाला घेऊन गेले. मंगलाष्टके होईपर्यंत तुम्ही तो कपडा पिळतच होता. त्यात पाणी राहिले नसेल.

मग केकचे. मी प्रेरणाला दहा वेळा सांगून ठेवले होते, सुरी वरच्याच थराला लाव, वरचा खरा. ती तशीच वागली. अभिषेकने तिच्या हातावर हात ठेवला, दोघांनी सुरी वर नेली आणि ती आत जाईना. अभिषेकने जोर लावला. थर्माकोलचा तो आवाज माइकमधून सगळ्या लॉनभर गेला. त्याचे मित्र ओरडले, "भाऊ, करवत आणू का?" कळंबच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वरचा थर एका बाजूला सरकला. प्रेरणाने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे तुमचीच चिठ्ठी होती, वरचा थर खरा.

स्टेजवरच्या दिव्यांमुळे क्रीम ओघळू नये म्हणून तुम्ही खरा थर खाली घेतला होता, हे आम्हाला नंतर धावजीकडून कळले. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तुम्ही कोणाला सांगितले नव्हते आणि आमच्यापैकी कोणी तुम्हाला विचारले नव्हते.

तेव्हा प्रेरणाने माइकसमोरच हाक मारली, "मामाऽ!"

सावंगीचे मामा जेवायला बसले होते. तेही अर्धवट उठले. पण ती कोणाला हाक मारते आहे हे त्यांनाही कळले आणि ते पुन्हा खाली बसले. तुम्ही स्टेजच्या पायऱ्या चढलात. एका हाताने सरकणारा थर धरलात, तिच्या मागे जाऊन उभे राहिलात, आणि दुसऱ्या हाताने तिचा आणि अभिषेकचा, दोघांचा हात धरून सुरी खालच्या थराला लावलीत. सुरी लगेच आत गेली. तुम्ही म्हणालात, "खालचा, बाई. खालचा खरा." तुम्हाला वाटले असेल ते हळू बोललात. माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकले.

फोटोवाल्याने त्या वेळी फोटो काढला. मी तो पाहिला. केक नीट आलेला नाही, वरचा थर तिरका आहे. तुम्ही मात्र प्रेरणाच्या बरोबर मागे आहात.

आता तुम्हाला न दिसलेले. आई स्टेजच्या डाव्या बाजूला आहेराची ताटे घेऊन उभी होती. हाक ऐकली तेव्हा तिने ताटे खुर्चीवर ठेवली. प्रेरणाने पहिला घास अभिषेकला दिला आणि दुसरा तुम्हाला. तुम्ही मान खाली घालून खाल्लात आणि दाढीला क्रीम लागले तसेच खाली उतरलात. आई तेव्हा पदराने चष्मा पुसत होती. तिथे धूळ नव्हती. मी विचारले, "आई, बोलतेस का त्यांच्याशी?" ती म्हणाली, "जेवल्यावर बोलू. आधी त्याले ताट वाढ."

मी पंगतीत तुमची जागा धरली, पाणी ठेवले, आणि बोलवायला मागे आलो तर तुम्ही गाडीत बसला होता. राहिलेले १,३०० मी खिशात पाकिटात घालून ठेवले होते. ते द्यायला धावलो. तुम्ही काच खाली करून म्हणालात, "नंतर पाहू," आणि गेलात. न जेवता. मी तिथेच उभा राहिलो. मला वाटले, सहा वर्षांपूर्वीच्या चहासारखेच झाले.

पण सीटवर स्टीलचा डबा होता, तो तुम्हाला रस्त्यात सापडला असेल. तो मी ठेवला नव्हता. धावजीने पाहिले. तुम्ही कूलरपाशी गुंतला होता तेव्हा आई स्वयंपाकाच्या मंडपातून डबा भरून घेऊन गेली. गाडीचे दार उघडेना, म्हणून धावजीला हाक मारली. धावजीने विचारले, "बाई, आहेर हाय का हो?" ती म्हणाली, "जेवण हाय. तो न जेवता पयून जाते, मले माहीत हाय त्याची सवय."

काल रात्री लग्नाचा हिशेब आईसमोर बसून झाला. केकचे १,३०० राहिले हे मी सांगितले आणि म्हटले, उद्या धावजीकडे पाठवून देतो, म्हणजे खाते बंद होईल. आईने माझ्या हातातून पाकीट काढून घेतले. देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवले. म्हणाली, "धावजीजवळ देऊ नको. फोननंबी टाकू नको. त्याले म्हणा, पैसे पाह्यजे असन तं घरी येऊन घेऊन जाय. डबाबी घेऊन ये म्हणा. अन् रिकामा आणू नको."

मग जरा वेळाने, फडताळाकडे पाठ करून ती म्हणाली, "अन् काही विचारायचं असन तं विचार म्हणा. पेन घरात हाय."

हे शेवटचे मी तिला विचारूनच लिहिले आहे. लिही, म्हणाली. नमस्कार लिहू का, असेही विचारले. ती म्हणाली, "मी मोठी हाओ. मी कायले नमस्कार करू? आशीर्वाद लिही."

म्हणून आईचा आशीर्वाद. हा तिने स्वतः सांगितला आहे.

केकचा हिशेब खाली दिला आहे. चूक असल्यास कळवावे.

काढून ठेवले: ५,०००

झालेला खर्च
केकच्या सामानाचे आगाऊ: १,३००
सुरी व रिबीन: १४०
बर्फाच्या दोन लाद्या: २४०
टेबलाचे कापड, भाडे: १५०
धावजी, पत्रांच्या पाच खेपा: १००
एकूण: १,९३०

देणे, नीळकंठमामांचे: १,३०० (घरी ठेवले आहेत)

येणे, नीळकंठमामांकडून: स्टीलचा डबा एक, झाकणासह.